चौकटीवांचून लक्ष्यवेध

‘मेंदूंत गांठ आहे’ हें वाक्य ज्या घरांत एकदां उच्चारलें गेलें, त्या घरांतील बोलण्याचा सूर त्या दिवसापासून पालटतो. हात, पाय, पोट यांची व्याधि कितीहि अवघड असली तरी ‘माझ्या शरीराची व्याधि’ म्हणून मनुष्य तिच्याकडे थोडें दुरून पाहूं शकतो. मेंदूची व्याधि मात्र ‘माझें’ म्हणणाऱ्या त्या ‘मी’च्याच उंबरठ्यावर येऊन उभी राहते. वाचा जाईल काय, स्मृति जाईल काय, आपलीं माणसें आपणांस ओळखूं येतील काय, हे प्रश्न मृत्यूच्या भयाच्याहि पुढें धांवतात. अशा वेळीं डॉक्टर सांगतात, “कवटी उघडण्याचें कारण नाहीं, किरणांनीं काम होईल. डोक्याला चौकटहि बसवावी लागणार नाहीं. जाळीचा मुखवटा घालून स्वस्थ निजावयाचें आणि संध्याकाळीं घरीं जावयाचें.” हें ऐकून कांहीं मंडळी हा चमत्कारच समजतात व निर्धास्त होतात. कांहींना उलट वाटतें कीं, जेथें कापणें नाहीं, टोचणें नाहीं, तेथें गुण तरी काय येणार!

दोन्ही समज अपुऱ्या माहितीचे आहेत. ही चौकट काय होती, ती इतकीं वर्षें अपरिहार्य कां मानली गेली, ती दूर कशी करतां आली, आणि ती गेल्यामुळें रुग्णावर व त्याच्या घरच्या माणसांवर कोणती नवी जबाबदारी आली, हें साध्या भाषेंत मांडण्याचा येथें प्रयत्न आहे. मी वैद्य नव्हे. आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलेला शिक्षक आहें. परंतु अवघड वस्तु सोपी करून सांगण्याची संवय त्या व्यवसायानें लावली आहे, तिचाच उपयोग करीत आहें.

शस्त्रावांचून शस्त्रक्रिया

सुश्रुतसंहितेंत शल्यतंत्राच्या साधनांची केलेली वर्गवारी मोठी मार्मिक आहे. यंत्रें एकशें एक आणि शस्त्रें वीस अशी गणना करून तेथें ‘अनुशस्त्र’ असा आणखी एक वर्ग मानला आहे. बांबूची कांब, स्फटिक, कांच, जळू, अग्नि, क्षार, नख इत्यादि वस्तु या वर्गांत येतात. त्या जातीनें शस्त्रें नव्हेत. परंतु जेथें शस्त्र चालविणें इष्ट नसतें तेथें त्या शस्त्राचें काम करतात. लहान मुलें आणि शस्त्राला भिणारे रुग्ण यांच्यासाठीं यांतील कांहींचा उपयोग करावा, असेंहि तेथें सांगितलें आहे. आजच्या किरणविद्येचें बीज त्या ग्रंथांत होतें असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. तसें म्हणणें सुश्रुतावरहि अन्यायच होईल. परंतु नांव म्हणून ‘अनुशस्त्र’ हें आजच्या किरणांस नेमकें शोभतें.

जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें रॉण्टगेन यांनीं ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं क्ष-किरणांचा शोध लाविला. हे किरण मांसांतून आरपार जातात, तसेच ज्या पेशींतून जातात त्यांना इजाहि करतात, हें लवकरच ध्यानांत आलें. पेशीच्या गाभ्यांत तिच्या वाढीचा जो आराखडा असतो तो किरणांनीं मोडतो. मग ती पेशी विभागूं शकत नाहीं व कालांतरानें नष्ट होते. गांठ म्हणजे अनिर्बंध वाढणाऱ्या पेशींचा समूह. तेव्हां तिच्यावर किरण सोडावे, ही कल्पना सहज सुचण्यासारखी होती. अडचण एवढीच कीं, गांठ मेंदूच्या पोटांत असते आणि तिच्यापर्यंत पोहोंचतांना किरणांना निरोगी मेंदूंतूनच जावें लागतें. शत्रूच्या घरापर्यंतची वाट आपल्याच उभ्या पिकांतून जात असावी, तसा हा प्रकार.

सूर्याचे किरण भिंगानें एका बिंदूवर आणून कागद जाळण्याचा खेळ प्रत्येक मुलानें केलेला असतो. परंतु हे भेदक किरण भिंगाला जुमानीत नाहींत. मग उपाय भूमितींतून निघाला. एकच प्रखर झोत सोडण्याऐवजीं अनेक दिशांनीं पुष्कळसे क्षीण झोत सोडावे आणि ते सर्व एकाच बिंदूंत मिळतील अशी योजना करावी. आषाढीच्या सुमारास गांवोगांवच्या पायवाटांनीं दोन दोन, चार चार वारकरी निघतात. कोणत्याहि एका पायवाटेवर दाटी नसते. पण चंद्रभागेच्या वाळवंटांत मात्र पाय ठेवावयास जागा राहात नाहीं. त्याचप्रमाणें वाटेंतील मेंदूला प्रत्येक झोताचा अल्पसाच उपद्रव होतो आणि सर्व झोतांचा संगम जेथें होतो तेथें गांठ होरपळते. या उपचाराला इंग्रजींत ‘रेडिओसर्जरी’ म्हणतात. आपण त्यास किरणशल्य म्हणूं.

स्टॉकहोमची चौकट

संगमाचा बिंदु गांठीवरच पडला पाहिजे, दोन मिलिमीटर बाजूला पडून चालत नाहीं. मेंदूंत दोन मिलिमीटरांवर दृष्टीची नस असूं शकते. डोळ्यांना न दिसणारी वस्तु इतकी नेमकी गांठावयाची कशी? भूमितीनें येथेंहि उत्तर दिलें. खोलींतील टांगलेल्या दिव्याचें स्थान सांगावयाचें तर दोन भिंतींपासूनचें अंतर आणि जमिनीपासूनची उंची हे तीन आंकडे पुरतात. डोक्याभोवतीं अशाच ‘भिंती’ पक्क्या बसविल्या तर मेंदूंतील कोणताहि बिंदु तीन आंकड्यांनीं सांगतां येईल. लंडनमध्यें हॉर्स्ली व क्लार्क यांनीं १९०८ सालीं प्राण्यांच्या मेंदूवरील प्रयोगांसाठीं असें साधन वर्णिलें. मनुष्याच्या मेंदूवर त्या तत्त्वाचा उपयोग १९४७ सालीं फिलाडेल्फिया येथें स्पीगल व वायसिस यांनीं केला.

स्वीडनचे शल्यवैद्य लार्स लेक्सेल (१९०७–१९८६) यांनीं १९४९ सालीं आपली स्वतःची चौकट प्रसिद्ध केली आणि १९५१ सालीं ‘रेडिओसर्जरी’ हा शब्दच प्रथम योजिला. आरंभीं त्यांनीं क्ष-किरणांची नळी चौकटीला जोडून पाहिली. पुढें उप्साला येथील प्रोटॉनांचे झोत वापरले. अखेर १९६८ सालीं स्टॉकहोममध्यें त्यांचें ‘गामा नाइफ’ यंत्र रुग्णांवर चालूं लागलें. त्यांत किरणोत्सर्गी कोबाल्टाचे १७९ लहान तुकडे एका पोकळ गोलार्धाच्या अंगाला बसविलेले होते आणि प्रत्येकाचा झोत मध्यावरील एकाच बिंदूकडे रोखलेला होता. आजच्या यंत्रांत अशा तुकड्यांची संख्या १९२ असते. नांवांत ‘नाइफ’ म्हणजे सुरी असली तरी सुरीचा कोठेंहि संबंध नाहीं. आपल्या देशांत १९९७ सालीं मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत हीं यंत्रें सुरू झालीं.

चौकट बसविण्याचा विधि असा: सकाळीं रुग्णाच्या कपाळावर दोन आणि डोक्याच्या मागच्या बाजूस दोन अशा चार जागा औषधानें बधिर करतात आणि धातूची चौकट चार स्क्रूंनीं कवटीच्या हाडाला घट्ट बसवितात. स्क्रू हाडाच्या बाहेरच्या पृष्ठांत रुततात, आंत शिरत नाहींत. मग चौकटीसह छायाचित्रें काढावयाचीं, त्यांवरून डॉक्टरांनीं व भौतिकशास्त्रज्ञांनीं किरणांचा आराखडा करावयाचा, चौकट यंत्राला जोडून उपचार करावयाचा आणि मग चौकट काढावयाची. डोकें व चौकट एकजीव झाल्यामुळें चुकीला वाव फार थोडा. हिची अचूकता एक मिलिमीटराच्याहि आंतली. मोहरीचा बारीकसा दाणा डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे हें माप कळेल. या चौकटीनें जगभर असंख्य रुग्णांची कवटी उघडण्यापासून सुटका केली, हें तिचे दोष सांगण्यापूर्वीं कृतज्ञतेनें म्हटलें पाहिजे.

दोष तीन होते. पहिला उघडच आहे: दुखणें, आणि दुखण्याहून मोठें भय. लहान मुलांस तर त्यासाठीं पूर्ण भूल द्यावी लागे. दुसरा दोष वेळेचा. रुग्ण चौकट घालून बसलेला असतांनाच सर्व विचार उरकावा लागे. आराखडा आज करून दोन दिवसांनीं शांतपणें पुन्हा तपासूं, ही सोय नव्हती. तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. चौकट रोज काढून रोज बसवितां येत नाहीं. म्हणून उपचार एकाच बैठकींत संपविणें भाग पडे. ज्या गांठीला पांच दिवसांत थोडे थोडे किरण देणें अधिक हितकर, तिला या पद्धतींत जागाच नव्हती.

कवटी हीच चौकट

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शल्यवैद्य जॉन ॲडलर हे १९८५ सालीं स्टॉकहोमला लेक्सेल यांच्यापाशीं शिकावयास गेले होते. तेथून परतल्यावर त्यांच्या मनानें जो प्रश्न घेतला तो वरवर पाहतां पोरकट वाटावा. चौकट बसवितात ती कवटीचें स्थान कळावें म्हणून. मग कवटीचेंच स्थान प्रत्यक्ष पाहतां आलें तर? कवटी हें कठीण हाड. तिच्या उंचसखल भागांची ठेवण प्रत्येक मनुष्यांत निराळी, पण एका मनुष्यांत कायमची. तिच्या पोटांतील मेंदूची जागाहि, उपचाराच्या वेळेपुरती, हाडाच्या संदर्भांत स्थिरच धरतां येते. म्हणजे जी चौकट आपण बाहेरून बसवीत होतों, तशीच एक चौकट निसर्गानें आंत बसवूनच ठेविली आहे. ती वाचतां येणें एवढेंच काय तें उरलें.

हें वाचन शक्य होण्यास मधल्या काळांत दोन गोष्टी घडून आल्या होत्या. हौन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानें १९७१ सालीं लंडनमध्यें प्रथमच जिवंत माणसाच्या डोक्याचें थरांथरांचें चित्र काढलें, आणि संगणकांचा वेग वाढला. आतां असें करतात: उपचारापूर्वीं काढलेल्या सीटी चित्रांवरून, हें डोकें अमुक स्थितींत असेल तर त्याचें क्ष-किरण छायाचित्र कसें दिसेल, तें संगणक आधींच तयार करतो. उपचाराच्या वेळीं दोन बाजूंनीं प्रत्यक्ष छायाचित्रें घेतलीं जातात. प्रत्यक्ष व अपेक्षित यांची तुलना होऊन डोकें किती सरकलें, किती वळलें, हें क्षणांत कळतें, आणि तितकीच दुरुस्ती यंत्र स्वतःच्या नेमांत करतें. ॲडलर यांच्या ‘सायबरनाइफ’मध्यें किरण निर्माण करणारें लहानसें यंत्र एका यांत्रिक हाताच्या टोकाला बसविलेलें असतें; तो हात रुग्णाभोवतीं फिरून अनेक दिशांनीं झोत सोडतो. स्टॅनफर्डमध्यें १९९४ सालीं या यंत्रानें पहिल्या रुग्णावर उपचार झाले. कवटीबाहेरील गांठींवरहि तें वापरण्यास अमेरिकेच्या शासनानें २००१ सालीं मान्यता दिली. आपल्याकडे २००९ सालीं चेन्नईंत असें यंत्र आलें.

महाभारतांतील दोन लक्ष्यवेध आपणां सर्वांस परिचित आहेत. द्रोणांच्या परीक्षेंतील पक्षी कृत्रिम होता, झाडावर अचल होता. तेथें अर्जुनाला फक्त नजर स्थिर ठेवावयाची होती. कीर्तनकारांनीं घरोघरीं पोहोंचविलेला स्वयंवराचा प्रसंग निराळा: तेथें मत्स्य फिरता, आणि पाहावयाचें तें खालच्या पाण्यांतील प्रतिबिंबाकडे. चौकटीचें किरणशल्य हा पहिल्या जातीचा वेध आहे. लक्ष्याला आधीं अचल करावयाचें, मग बाण सोडावयाचा. चौकटीवांचूनचा वेध दुसऱ्या जातीचा आहे. लक्ष्य थोडें हलणार हें गृहीत धरावयाचें, त्याच्या प्रतिबिंबावर नजर ठेवावयाची आणि तें जेथें असेल तेथेंच बाण पोहोंचवावयाचा. बंधनाची जागा येथें अवधानानें घेतली आहे, आणि या उपचारांतील सर्व गुणदोष या एका फेरबदलांतून निघतात.

पुढें हेंच तत्त्व इतर यंत्रांनींहि उचललें. खुद्द लेक्सेल यांच्या परंपरेंतील गामा नाइफची २०१५ सालीं निघालेली ‘आयकॉन’ ही आवृत्ति मुखवट्यावरहि चालते. रुग्णाच्या नाकाच्या शेंड्यावर एक लहानशी चकाकणारी खूण लावतात; अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा तिच्यावर सतत नजर ठेवतो आणि ठरविलेल्या मर्यादेपलीकडे हालचाल झाली कीं किरण आपोआप थांबतात. नेहमींच्या किरणोपचाराच्या यंत्रांवरहि आतां उघड्या चेहऱ्याचे मुखवटे आणि चेहऱ्याच्या पृष्ठभागावर पहारा ठेवणारे कॅमेरे वापरतात.

मुखवट्याखालीं काय घडतें

मुखवटा म्हणजे एका विशिष्ट प्लॅस्टिकचा सच्छिद्र पत्रा. कढत पाण्यांत तो मऊ होतो. मग सोसेल इतपत ऊन असतांना रुग्णाच्या चेहऱ्यावर ताणून दोन्ही बाजूंनीं खिळवितात. कांहीं मिनिटांत तो थंड होऊन त्या चेहऱ्याचा साचा बनतो. जाळीमुळें श्वासोच्छ्वासाला अडथळा येत नाहीं. केंस काढावे लागत नाहींत. मुखवट्यासह सीटी काढतात, एमआरआय चित्रें तिच्याशीं जुळवितात, आणि मग रुग्णाला घरीं पाठवून कांहीं दिवस आराखड्यावर काम करतात. उपचाराच्या दिवशीं तोच मुखवटा घालून रुग्ण निजतो. खोलींत तो एकटा असतो, पण बाहेरून त्याला पाहतां येतें, त्याच्याशीं बोलतां येतें. वेळ पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत, क्वचित् अधिकहि. किरण दिसत नाहींत, लागत नाहींत.

या सोयीमागें जी मेहनत असते ती रुग्णाला दिसत नाहीं. ज्या दिवशीं असा उपचार व्हावयाचा त्या दिवशीं रुग्ण येण्यापूर्वीं भौतिकशास्त्रज्ञ एक बारीकशी गोळी लक्ष्य म्हणून ठेवतात आणि निरनिराळ्या दिशांनीं झोत सोडून प्रत्येक वेळीं गोळीची सांवली मध्यावरच पडते ना, हें तपासतात. चौकट धातूची होती, तिचा भरंवसा हातानें चांचपतां येत होता. आतांचा भरंवसा या रोजच्या तपासणीवर उभा आहे. किरण वापरणाऱ्या अशा सर्व केंद्रांना भारतांत अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुमति लागते, हेंहि वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

काय साधलें

दुखणें टळलें हा लाभ मोठा खरा. परंतु त्याहून मोठा लाभ काळाचा झाला. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापानें मोजतात. अमेरिकेंत पूर्वीं किरण घेतलेल्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासानें २००० सालीं एका बैठकींतील मात्रेच्या मर्यादा प्रसिद्ध केल्या: दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गांठीस २४ ग्रे, दोन ते तीन सेंटिमीटरच्या गांठीस १८, आणि तीन ते चार सेंटिमीटरच्या गांठीस केवळ १५. गांठ जितकी मोठी तितकी सोसणारी मात्रा कमी, असा हा उलटा हिशेब आहे. कारण मोठ्या गांठीभोवतीं झळ लागणारा निरोगी मेंदूहि अधिक असतो. दृष्टीच्या नसेला तर एका वेळीं आठ-दहा ग्रेपलीकडे नेणें धोक्याचें मानतात. मग नसेला खेटून असलेल्या गांठीचें करावयाचें काय? तेथें रोज पांच ग्रे याप्रमाणें पांच दिवस, अशी विभागणी करतात. दोन दिवसांच्या मधल्या अवधींत निरोगी पेशी आपली पुष्कळशी डागडुजी करून घेतात. गांठीच्या पेशींना तितकें साधत नाहीं. चौकटीच्या दिवसांत ही विभागणी जवळजवळ अशक्य होती. मुखवट्यानें ती नित्याची झाली.

दुसरा लाभ शरीरांत अन्यत्र कर्करोग होऊन त्याचे ठिपके मेंदूंत उठलेल्या रुग्णांचा. पूर्वीं अशांच्या सबंध मेंदूवर किरण सोडण्याचा प्रघात होता. त्यानें पुढचे ठिपके लांबतात, परंतु स्मरण व आकलन यांना धक्का बसतो. एक ते तीन ठिपके असलेल्या २१३ रुग्णांवरील एक तुलना २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनीं पाहतां, केवळ किरणशल्य झालेल्यांत बौद्धिक घसरण शंभरांत सुमारें ६४ जणांत आढळली. सबंध मेंदूवरहि किरण घेतलेल्यांत ती ९२ जणांत आढळली. आयुर्मानांत लक्षणीय फरक पडला नाहीं. जपानमधील २३ केंद्रांच्या १,१९४ रुग्णांच्या अभ्यासानें २०१४ सालीं असें दाखविलें कीं, पांच ते दहा ठिपके असलेले रुग्णहि किरणशल्यानंतर दोन ते चार ठिपके असलेल्यांइतकेच जगले. ज्या घरांत आजोबांना नातवाचें नांव आठवणें हीच दिवसाची कमाई असते, त्या घराला या आंकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

मर्यादा

आतां दुसरी बाजू. ‘कापणें नाहीं’ म्हणजे ‘सौम्य’ नव्हे. मुखवट्याखालून जाणारे किरण चौकटीखालून जाणाऱ्या किरणांइतकेच प्रखर असतात. श्रवणाच्या नसेवरील सौम्य गांठ, मेंदूच्या आवरणावरील गांठ, पीयूषिका ग्रंथीची गांठ आणि वर सांगितलेले ठिपके, या मर्यादित कांठाच्या गांठींत या उपचाराचें यश चांगलें आहे. परंतु ज्या गांठींची मुळें मेंदूंत दूरवर झिरपलेलीं असतात, उदाहरणार्थ ग्लायोब्लास्टोमा, तेथें नेमका वेध हाच निरुपयोगी ठरतो. कारण वेध करावा असा कांठच तेथें नसतो. गांठ मोठी होऊन मेंदू दाबला जात असेल तर किरणांची वाट पाहण्यास वेळ नसतो. तेथें शल्यवैद्याचें शस्त्रच हवें. किरणांनीं गांठीचा तुकडाहि हातीं येत नाहीं, म्हणून ती कोणत्या जातीची याबद्दल शंका असल्यास निर्णय अडतो.

उपचारानंतर गांठ दुसऱ्या दिवशीं नाहींशी होत नाहीं. सौम्य गांठींत यश म्हणजे पुष्कळदां ‘वाढ थांबली’ एवढेंच. मधल्या कांहीं महिन्यांत ती किंचित् फुगूनहि येते. क्वचित् महिन्यांनीं वा वर्षानें किरण लागलेला भाग निर्जीव होऊन सुजतो आणि चित्रांत पुन्हा गांठच आल्यासारखा दिसतो. म्हणून ठरलेल्या मुदतीनें एमआरआय करून घेणें हा उपचाराचाच भाग समजावा. सूज उतरविण्यास देतात त्या स्टिरॉइड औषधांनीं मधुमेह्यांची साखर वाढते. तीं औषधें आपल्या मनानें सुरू वा बंद करूं नयेत.

चौकटहि सर्वस्वी कालबाह्य झालेली नाहीं. चेहऱ्याच्या नसेच्या असह्य कळा थांबविण्यासाठीं अथवा हाताचा कंप घालविण्यासाठीं कांहीं मिलिमीटरांच्या लक्ष्यावर अतिशय मोठी मात्रा द्यावयाची असते. तेथें अनेक अनुभवी वैद्य आजहि चौकटच पसंत करतात. ज्याला निश्चल राहणें जमणारच नाहीं त्यालाहि तीच बरी. तेव्हां ‘त्या रुग्णालयांत अजून चौकट लावतात, म्हणजे तें मागासलेलें’ हा निष्कर्ष घाईचा होईल.

घरच्यांचें कर्तव्य

येथें मला जें विशेषेंकरून सांगावयाचें आहे त्याकडे येतों. आपल्या सुशिक्षित घरांतहि अशी चाल आहे कीं, रोगाचें नांव रुग्णाखेरीज सर्वांस ठाऊक असतें. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गांठून सांगतो, “आईला कांहीं बोलूं नका.” यामागें प्रेमच असतें, यांत संशय नाहीं. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत असेंच झालें. पंचाहत्तरीच्या आजींना ‘डोक्याची तपासणी आहे’ एवढेंच सांगून नेलें. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसतांच त्या घाबरल्या, हात उचलून तो ओढूं लागल्या. काम थांबवून त्यांना परत आणावें लागलें. त्या रात्रीं सुनेनें धीर करून त्यांच्या शेजारीं बसून सांगितलें, “आई, तुमच्या डोक्यांत एक लहानशी गांठ आहे. ती किरणांनीं जाळावयाची आहे. तुम्ही अर्धा तास स्वस्थ राहिलांत कीं काम होईल.” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग हें आधीं कां नाहीं सांगितलेंत? मला वाटलें, मला बांधून ठेवतां आहां.” पुढच्या खेपेस त्यांनीं डोळे मिटून मनांतल्या मनांत नामस्मरण केलें आणि ठरल्या वेळांत उपचार पार पडला.

ही गोष्ट केवळ भावनेची नव्हे, उपचाराच्या तंत्राचीच आहे. चौकट ज्या डोक्याला धरी त्याच्या मालकाची संमति एकदां पुरे. पुढचें काम स्क्रू करीत. मुखवट्याला ती संमति क्षणोक्षणीं लागते. यंत्र रुग्णाची हालचाल पाहून थांबेल, पुन्हा नेम धरील; परंतु ज्याला आपण कां निजलों आहों हेंच माहीत नाहीं तो वारंवार हलेल, आणि कदाचित् उपचार अर्ध्यावर सोडावा लागेल. निश्चलपणा हें आतां रुग्णाचें स्वतःचें कर्तृत्व आहे, आणि अज्ञानांत ठेवलेल्या माणसाकडून कर्तृत्वाची अपेक्षा करणें न्याय्य नव्हे. किती सांगावें, कोणत्या शब्दांत सांगावें, हें घरच्यांनीं ठरवावें. पण कांहीं तरी खरें सांगावें. बंद जागेची भीति वाटत असेल तर तीहि आधींच डॉक्टरांच्या कानांवर घालावी. उघड्या चेहऱ्याचा मुखवटा, थोडें शामक औषध, एक दिवस नुसता सराव, असे उपाय असतात.

डॉक्टरांपाशीं कांहीं प्रश्न विचारण्यासहि संकोच करूं नये. ही गांठ कोणत्या जातीची, आणि तें कशावरून ठरलें? वाट पाहणें, शस्त्रक्रिया आणि किरण या तिघांपैकीं किरणच कां? एक बैठक कीं पांच, आणि तसें कां? शेजारीं कोणती नस आहे, तिला किती मात्रा पोहोंचेल? आराखडा करणाऱ्यांत मेंदूचे शल्यवैद्य, किरणतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ असे तिघेहि आहेत काय? पुढचा एमआरआय केव्हां? यंत्राचें नांव कोणतें, हा प्रश्न या सर्वांच्या मागून विचारला तरी चालेल. जाहिरातींत यंत्राचें नांव मोठ्या अक्षरांत असतें. परंतु चांगल्या हातांत निरनिराळीं यंत्रें जवळजवळ सारखाच नेम साधतात.

लेक्सेल यांनीं चौकट काढली ती कवटी उघडण्याची वेळ येऊं नये म्हणून. ॲडलर यांनीं चौकट सोडली ती स्क्रूंचीहि वेळ येऊं नये म्हणून. दोन पिढ्यांत रुग्णावरील एकेक बंधन उतरत गेलें, आणि प्रत्येक वेळीं त्या बंधनाचें काम कोणाच्या ना कोणाच्या दक्षतेवर येऊन पडलें: प्रथम वैद्याच्या, मग यंत्राच्या, आणि आतां कांहीं अंशीं खुद्द रुग्णाच्या. त्या अर्ध्या तासांत आंत कोणालाहि जातां येत नाहीं. रुग्णाला सोबत असते ती घरच्यांनीं आधीं समजावून दिलेल्या खऱ्या शब्दांची. तेवढी सोबत देणें प्रत्येक घराला शक्य आहे, आणि त्याला कोणतेंहि यंत्र लागत नाहीं.